थंडीत विरजण लागत नाही आणि घरचे तूप कडवट होते : अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

सर्वांना नमस्कार.

गेल्या दिवाळीपासून आम्ही घरात असे ठरवले आहे की, रोजच्या जेवणातले दही, ताक, लोणी आणि तूप बाजारातून आणायचे नाही. सासूबाई होत्या तोवर यातले काहीही आमच्याकडे विकत येत नसे. त्यांच्या पश्चात नोकरीच्या धावपळीत ती घडी विस्कटली. ती आता पुन्हा बसवावी अशी मनापासून इच्छा आहे, परंतु दोन ठिकाणी गाडे अडले आहे.

पहिली अडचण दह्याची. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दही उत्तम लागत होते. डिसेंबर लागला, नाशिकचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला आणि तेव्हापासून रात्री साडेनऊला लावलेले विरजण सकाळी साडेसहाला पाहावे तर दूध जसेच्या तसे असते. ओट्यावर तसेच राहू दिले तर दुपारी एकच्या सुमारास ते कसेबसे धरते, पण चमच्याने उचलताना तार सुटते आणि चव धड गोड नाही, धड आंबट नाही अशी लागते. दूध पिशवीचे, टोन्ड आहे. एक लिटरला विरजण एक लहान चमचा घालते. मातीच्या भांड्यात दही घट्ट होते असे ऐकले होते म्हणून तसे भांडे मुद्दाम आणले होते. त्यात जमेना, तेव्हा गेल्या रविवारी सासूबाईंचे जुने पितळी पातेले माळ्यावरून काढले, चिंच लावून लख्ख घासले, त्यात विरजण लावले आणि शालीत गुंडाळून ठेवले. त्या दिवशी दही लागले खरे, परंतु कडेला हिरवट झाक होती आणि जिभेवर नाणे ठेवल्यासारखी चव आली. ते आम्ही खाल्लेले नाही, फ्रिजमध्ये झाकून ठेवले आहे. त्याचे काय करावे?

दुसरी अडचण तुपाची. साय रोज काढून स्टीलच्या डब्यात, फ्रिजच्या वरच्या खणात साठवते. आमच्या दुधाला साय पातळ येते, त्यामुळे डबा भरायला तीन आठवडे लागले. मिक्सरमधून लोणी काढले आणि त्याच पितळी पातेल्यात कढवले. रंग छान आला, वासही बरा होता, पण चव कडवट. मुलीला मेतकूट-भातावर वाढले, तर तिने वरचे तूप चमच्याच्या टोकाने ताटाच्या कडेला सारले आणि कोरडा भात खाल्ला. तीन आठवड्यांची साय वाया गेल्याचे दुःख आहेच, पण चूक नेमकी कोठे झाली हे कळत नाही, याची रुखरुख अधिक आहे. कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (पंचवटी)

ताई, आधी भांड्याविषयी सांगते, बाकीचे मागाहून. फ्रिजमधले ते दही आजच टाकून द्या. कढी करून, उकळून किंवा पराठ्याच्या कणकेत घालून ते वापरता येईल असा विचारसुद्धा मनात आणू नका. ते दही कळकले आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबट पदार्थ त्याला लागला की तांबे त्यात उतरते. तोच तो हिरवेपणा आणि तीच ती नाण्याची चव. असे दही पोटात गेले तर मळमळ आणि उलट्या होतात. सासूबाई ते पातेले वापरत होत्या तेव्हा त्याला आतून कथलाची कल्हई असणार. माळ्यावर पडून राहण्याआधीच ती झिजली असेल आणि उरलीसुरली तुमच्या घासण्यात गेली असेल. भांडे आतून रुपेरी दिसायला हवे. पिवळे दिसत असेल तर कल्हई उरलेली नाही असे समजावे. आपल्या नाशिकची पितळी भांडी नावाजलेली आहेत, त्यामुळे घरोघरी अशी पातेली आणि गंज असतात. माझ्या भांड्यांना मी अजूनही भांडी बाजारात चौकशी करून कल्हई लावून घेते. तरीही दही, ताक आणि लोणच्याला मी पितळ वापरत नाही. दह्याला चिनी मातीचा सट, काच किंवा स्टील वापरावे, म्हणजे मनात शंका राहत नाही.

आता विरजणाकडे वळू. उन्हाळ्यातली रीत तुम्ही थंडीत तशीच चालू ठेवली, एवढेच तुमचे चुकले आहे. मातीचे भांडे उन्हाळ्यात फार चांगले, कारण ते पाणी झिरपू देते आणि दही दाट करते. पण झिरपलेले पाणी वाळताना भांडे गार होते, ज्या कारणाने माठातले पाणी गार होते त्याच कारणाने. डिसेंबरात त्याच भांड्यात कोमट दूध ओतले की अर्ध्या तासात त्याची ऊब जाते. ते भांडे धुऊन, कडक उन्हात वाळवून होळीपर्यंत ठेवून द्या.

थंडीत मी असे करते. दूध उकळी आल्यावर लगेच उतरवत नाही. मंद आचेवर दहा मिनिटे ढवळत आटवते. मग ते निवू द्यायचे. किती, तर करंगळी बुडवून सावकाश दहा अंक मोजेपर्यंत सोसवेल, पण अकराव्याला काढावीशी वाटेल इतके. उन्हाळ्यात याहून बरेच कोमट चालते, थंडीत मात्र नाही. ज्या सटात दही लावायचे तो आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा, नाहीतर सटच अर्धी ऊब पिऊन टाकतो. विरजण फ्रिजमधून काढून तासभर आधी बाहेर ठेवावे, चमच्याने घोटून एकजीव करावे आणि एक लिटरला दोन मोठे चमचे घालावे. नंतर दोन भांड्यांतून तीन-चार वेळा वरखाली करून फेस आणावा, झाकण घालावे आणि सट तांदळाच्या डब्यात अर्धा पुरून ठेवावा. तांदूळ ऊब धरून ठेवतात. तांदळाचा मोठा डबा नसेल तर प्रेशर कुकरमध्ये तळाला दोन वाट्या कढत पाणी घालून, जाळीवर सट ठेवून, शिट्टी न लावता झाकण बंद करावे. रात्रभर त्याला हलवू नये, आणि उघडून बघण्याचा मोह तर मुळीच करू नये.

साडेनऊला लावलेले दही या रीतीने सकाळी सातपर्यंत लागते. सात वाजता ते अदमुरे वाटले तर लगेच फ्रिजमध्ये टाकू नका. आणखी एक तास तसेच उबेत राहू द्या. सट किंचित कलता करून पाहावा. दही कडेपासून सुटून एकसंध हलले तर ते लागले असे समजावे आणि मगच गार जागी ठेवावे.

तुपाविषयी एवढे सांगते की, ते घड्याळ पाहून होत नाही, कान देऊन होते. लोणी वितळले की आधी पांढरा फेस वर येतो आणि कड्कड् असा मोठा आवाज सुरू होतो. तो लोण्यातल्या पाण्याचा. या वेळी पातेले निम्म्याहून अधिक भरलेले असेल तर हमखास उतू जाते. मग आवाज हळूहळू बारीक होत जातो आणि एका क्षणी जवळजवळ थांबतो. फेस विरळ होऊन तळ दिसू लागतो, बेरी बदामी झालेली असते. मी तेव्हाच गॅस बंद करते, कारण जाड बुडाच्या भांड्याची ऊब बेरीला पुढे तपकिरी करतेच. शेवटी विड्याच्या पानाचा तुकडा टाकते. तो चुरचुरून कुरकुरीत झाला की तुपात पाणी उरलेले नाही याची खात्री पटते. तुमचे तूप करपलेले असावे असा माझा पहिला कयास होता, पण रंग आणि वास चांगला होता असे तुम्ही लिहिले आहे. त्यामुळे कारण आधीचे, सायीतले असावे असे वाटते. त्याबद्दल जाणकारांनी लिहावे.

उत्तर (गंगापूर रोड)

मी दूध प्रक्रियेच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे. पंचवटीच्या काकूंनी सांगितलेल्या प्रत्येक कृतीला आधार आहे, तो थोडक्यात मांडतो आणि मग तुपाच्या कडवटपणाकडे येतो.

विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, लॅक्टिक आम्ल करतात. आम्लता वाढत सामू ४.६ च्या जवळ आला की केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून जाळे तयार करते; तेच दही. घरच्या विरजणात अनेक जातींचे जिवाणू मिसळलेले असतात. काहींना ३० अंशांच्या आसपासचे, तर काहींना ४० ते ४३ अंशांचे तापमान मानवते. १५ अंशांच्या खाली ते मरत नाहीत, परंतु त्यांचे काम जवळजवळ थांबते, आणि अशा रेंगाळलेल्या दुधात गारव्यातही वाढू शकणाऱ्या, चिकट स्राव सोडणाऱ्या जिवाणूंना वाव मिळतो. आपल्या दह्याला तार सुटते ती यामुळे. हे विरजण आता पुढे चालवू नये. ज्या घरी दही चांगले लागते तेथून वाटीभर नवे आणावे. दूध आटवण्याचा लाभ दुहेरी आहे. पाणी कमी होतेच, शिवाय ८० अंशांच्या वर काही मिनिटे तापल्यावर दुधातील निवळीची प्रथिने उलगडून केसीनला चिकटतात. त्यामुळे जाळे घट्ट होते आणि दह्याला पाणी कमी सुटते.

येथे एक बाब जोडावीशी वाटते. सर्व काळजी घेऊनही दही लागत नसेल तर दुधाकडे संशयाने पाहावे. दूध नासू नये म्हणून कोणी त्यात खाण्याचा सोडा घातला असेल, तर तयार होणारे आम्ल आधी त्या सोड्यात खर्ची पडते. जनावराला प्रतिजैविके दिल्यानंतर पाळायचा अवधी न पाळता काढलेले दूध असेल, तर विरजणच मरते. आमच्या घरी एका सुट्या दुधाच्या बाबतीत हा अनुभव सलग चार दिवस आला. दूध बदलताच दही पहिल्याच रात्री लागले.

आता तुपाकडे. घरात आपण ‘तूप बिघडले’ असे एकाच शब्दात म्हणतो, पण खवट, करपट आणि कडवट हे तीन वेगळे दोष आहेत आणि तिघांची कारणे वेगळी आहेत. करपट चव बेरी जळल्याने येते आणि सोबत जळका वास असतो. खवटपणा स्निग्धांशाच्या बिघाडातून येतो; साठवणीत हवा, उजेड, ओलावा आणि तांबे यांमुळे तो वाढतो. कल्हई गेलेल्या पितळेत तूप कढवल्यास तांब्याचा अंश त्यात जातो आणि ते लवकर खवट होते, म्हणून त्या पातेल्याबद्दलचा काकूंचा इशारा तुपालाही लागू आहे. कडवटपणा मात्र बहुधा प्रथिनांच्या विघटनातून येतो. फ्रिजमध्ये ४ ते ८ अंशांवरही वाढणारे काही जिवाणू असतात. विरजण न लावलेल्या गोड सायीत ते दोन-तीन आठवडे राहिले की प्रथिनांचे तुकडे करतात, आणि त्या तुकड्यांपैकी काहींची चव कडू असते. ही चव लोण्यात उतरते आणि कढवल्याने जात नाही. पुढच्या वेळी लोणी कढवण्याआधी कणभर चाखून पाहावे. लोणीच कडू लागले तर दोष सायीत आहे, आणि लोणी गोड असून तूप कडू झाले तर तो कढवण्यात आहे.

उपाय सोपा आहे. साय साठवायला घ्याल त्या पहिल्या दिवशीच डब्यात एक चमचा ताजे दही घालावे, रोजची साय त्यात मिसळून ढवळावी आणि आठ दिवसांच्या आत लोणी काढावे. आंबट वातावरणात ते नको असलेले जिवाणू वाढत नाहीत. इतक्या दिवसांत पुरेशी साय जमत नसेल तर डबा बर्फाच्या कप्प्यात ठेवावा आणि लोणी काढण्याच्या आदल्या दिवशी बाहेर काढून, कोमट करून विरजण लावावे.

साय पातळ येण्याचे कारण आपल्या पिशवीवरच छापलेले असेल. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के असतो, फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के. शिवाय दूध होमोजिनाइज्ड असेल तर स्निग्धांशाचे गोलक बारीक फोडलेले असतात आणि ते वर तरंगून येत नाहीत. अशा दुधाला साय धरत नाही. ते दही लावण्यास उत्तम असते, लोण्याच्या मात्र उपयोगाचे नाही. लोणी-तूप घरी करायचे असेल तर म्हशीचे, होमोजिनाइज न केलेले दूध घ्यावे लागेल.

उत्तर (निफाड तालुका)

आमच्याकडची थंडी शहरापेक्षा कडक असते. पारा पार उतरतो त्या पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून मणी वाचवावे लागतात, तेव्हा दह्याची काय अवस्था होत असेल याची कल्पना यावी. आमच्या घरी विरजणाचे पातेले गव्हाच्या कोठीत ठेवण्याची पद्धत आहे. गव्हात हाताचे कोपर जाईल एवढा खड्डा करायचा, पातेले गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून त्यात बसवायचे आणि वरून गहू सारायचे. दही नऊ-दहा तासांत लागते.

लोणी काढताना थंडीत आणखी एक अडचण येते, ती येथे कोणी लिहिली नाही. साय फार गार असेल तर कितीही घुसळले तरी नुसता फेस येतो आणि लोणी फुटत नाही. अशा वेळी रवी थांबवून वाटीभर कोमट पाणी घालावे, पाच मिनिटे थांबावे आणि पुन्हा घुसळावे. उन्हाळ्यात नेमके उलट करावे लागते. तेव्हा बर्फाचे पाणी घातले नाही तर लोणी मऊ पडून ताकातच राहते. गोळा जमल्यावर तो गार पाण्यात तीन वेळा धुवावा. धुण्याचे पाणी नितळ आले म्हणजे आतले ताक निघाले. ताक राहिले तर बेरी फार होते आणि ती तळाला लागते.

प्रश्नकर्तीकडून (इंदिरानगर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज बारा दिवसांनी लिहीत आहे, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

कळकलेले दही त्याच दिवशी टाकून दिले. पातेले आतून नीट पाहिले, तर कडांना तेवढी रुपेरी झाक शिल्लक होती आणि तळ पूर्ण पिवळा होता. कल्हई होईपर्यंत ते वापरणार नाही. विरजण शेजारच्या काकूंकडून नवे आणले. तांदळाच्या डब्यातला पहिला प्रयत्न फसला, कारण करंगळीच्या परीक्षेत मी घाई केली आणि दूध फार कढत असतानाच विरजण घातले. सकाळी तळाशी दाणेदार चोथा आणि वर निवळी अशी स्थिती होती. दुसऱ्या रात्री स्वयंपाकघरातला थर्मामीटर लावून पाहिला. माझ्या करंगळीला दहा अंक सोसवले तेव्हा तो ४३ दाखवत होता. त्या रात्रीचे दही सकाळी पावणेसातला सुरीने कापावे असे कवडी लागले होते, आणि तेव्हापासून एकही रात्र चुकलेली नाही.

तुपासाठी आठवड्यापुरते म्हशीचे सुटे दूध लावले, रोज एक लिटर. पहिल्याच दिवशी सायीत दही घातले आणि आठव्या दिवशी लोणी काढले. ते चाखून पाहिले. किंचित आंबूस, पण कडू मुळीच नाही. स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात कढवायला घेतल्यावर मी दार लावून घेतले आणि आवाज ऐकत उभी राहिले. कड्कड् थांबल्याचा तो क्षण खरोखर ओळखू येतो. गाळून वजन केले तेव्हा २६० ग्रॅम तूप भरले. मुलीने काल दोनदा भात मागून घेतला.

दोन शंका उरल्या आहेत. तूप पांढरट दिसते, तर ते कच्चे राहिले आहे का? आणि गाळणीत राहिलेल्या बेरीचे काय करावे?

उत्तर (पंचवटी)

वाचून फार आनंद झाला. म्हशीचे तूप पांढरेच असते. गाईच्या दुधात कॅरोटीन अधिक असल्यामुळे तिच्या तुपाला पिवळा रंग येतो, तसा याला येणार नाही. पानाचा तुकडा कुरकुरीत झाला असेल तर तूप कच्चे नाही. ते रवाळ हवे असेल तर गाळल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवू नका. स्वयंपाकघरातच, न हलवता, सावकाश थिजू द्या.

बेरी मुलीला गरम असतानाच चमचाभर साखर घालून द्या. उरली तर दुसऱ्या दिवशी थालीपिठाच्या भाजणीत किंवा पराठ्याच्या कणकेत मळा, मोहन वेगळे घालावे लागत नाही. मात्र ती डब्यात साठवून ठेवू नका. तीन-चार दिवसांत तिला वास येऊ लागतो. आणि लोण्याखालचे ते आंबूस ताक फेकून दिले नसेल, तर आज संध्याकाळी त्याची कढी करा, वरून याच तुपाची जिरे-कढीपत्त्याची फोडणी द्या.